कंपनीच्या ट्रेलरवर जाऊ, का गावच्या मालकाकडंच राहू?

माणदेशी_पोरगा | मंगळवार, रात्री १०.४२

राम राम मंडळी. दोन-तीन वर्षं इथं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वय २७, गाव म्हसवडजवळ. साडेतीन वर्षं गावातल्याच एका मालकाच्या टेन टायर ट्रकवर ड्रायव्हर आहे. सीझनला डाळिंब, नाहीतर साखर, पेंड, कधी सिमेंट. पगार १४ हजार, गाडी लाइनवर असली की रोजचा भत्ता ४००. भाडं नसलं की घरी, भत्ता बंद, पण पगार कापत नाही. मालक माणूस म्हणून चांगला आहे. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला २० हजार उचल दिली, एका शब्दानं विचारलं नाही. फक्त माल भरताना त्याचा हात आवरत नाही. गाडी आणि माल मिळून साडेअठ्ठावीस टनांची मर्यादा, हा करतो चौतीस टन. खंबाटकी चढताना गाडी रडते आणि उतरताना मी.

आता शाळेतला मित्र चाकणच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बोलावतोय. ट्रेलर, चाकण ते चेन्नईजवळचं श्रीपेरुंबुदूर, सुटे भाग न्यायचे आणि तिकडून रिटर्न भरून यायचं. पगार १६ हजार, वर किलोमीटरला अडीच रुपये. पीएफ, विमा. गाडी नवी, एसी केबिन. क्लीनर नाही, एकट्यानं जायचं. केबिनमध्ये कॅमेरा आहे, तो तोंडाकडं बघत असतो म्हणे. मित्र म्हणतो महिन्याला सात हजार किलोमीटर आरामात होतात. म्हणजे १६ आणि साडेसतरा, साडेतेहतीस हजार.

बायको म्हणते जा. आई म्हणते नको. पोरगी अकरा महिन्यांची. कंपनीत ज्यांनी वर्षं काढलीत त्यांनी खरं काय ते सांगा.

---

उनाड_पाखरू | मंगळवार, रात्री १०.५५

खुर्ची टाकून बसलो आहे.

एकच प्रश्न. माणूस आणून दिल्याबद्दल तुझ्या मित्राला कंपनी किती देणार आहे?

---

माणदेशी_पोरगा | मंगळवार, रात्री ११.०३

दोन हजार. त्यानं स्वतःच सांगितलं, लपवलं नाही.

---

चौदाचाकी | बुधवार, पहाटे ५.२०

पोरा, सात हजार किलोमीटरचा हिशेब ज्यानं केला त्याला एकदा माझ्यासमोर बसव.

होतात सात हजार. गेटवर गेल्या गेल्या गाडी आत घेतली, खाली केली आणि त्याच दिवशी रिटर्न लागला, असं महिनाभर चाललं तर. बावीस वर्षांत असे महिने मला हाताच्या बोटांवर मिळाले. तेरा वर्षं मालकांच्या गाड्यांवर काढली, नऊ वर्षं दोन कंपन्यांत. नावं विचारू नका.

दुसऱ्या कंपनीत वहीत लिहायची सवय लागली होती. एका मार्च महिन्याचं पान समोर घेऊन लिहितोय. गाडी चालली ते दिवस १२. भरायच्या रांगेत ५. खाली करायच्या रांगेत ७. वर्कशॉपला २. रिटर्न भाड्याची वाट बघत एका ढाब्यामागच्या पार्किंगला ४. घरी १. झाले एकतीस. मार्च अखेरीला सगळ्यांना माल बाहेर काढायचा असतो, आत कुणालाच घ्यायचा नसतो, त्यामुळं जरा जास्त. पण इतर महिनेही फार वेगळे नव्हते.

त्या महिन्यात किलोमीटर झाले साडेचार हजार. तुझ्या अडीच रुपयांनी सव्वाअकरा हजार. म्हणजे साडेतेहतीसचे झाले सव्वासत्तावीस. त्यातून जेवण. गाडी उभी राहते, पोट राहत नाही. दोन वेळचं जेवण, चहा, अंघोळीचे पैसे, पाण्याची बाटली, साडेतीनशे-चारशे कुठं गेले कळत नाही. महिन्याचे दहा हजार धर. तुझा आत्ताचा मालक हे भत्त्यात देतो. कंपनी म्हणते, किलोमीटरमध्ये आलं सगळं. म्हणजे उभ्या गाडीत तू पगारातलं खातोस. दहा हजार गेले, पीएफचे अठराशे गेले, राहिले साडेपंधरा. आज तुला १४ हातात पडतात. भत्त्यातले उरत असतील थोडे तर तेही धर. फरक काढ आता तूच.

गाडी चालवणं हे काम मला कधी जड गेलं नाही. रांगेनं कंटाळवलं. तिथं झोपताही येत नाही, कधी नंबर लागेल सांगता येत नाही. गाडी पुढं घेतली नाही की मागचा हॉर्न मारतो आणि वॉचमन शिव्या देतो. संडास आतल्या कामगारांना, आपल्याला रस्त्यापलीकडचं शेत.

म्हणून पगार, एसी, कॅमेरा हे नंतर विचार. आधी विचार की हॉल्टिंग, म्हणजे गाडी रांगेत उभी राहिल्याचे पैसे, कितव्या तासापासून सुरू होतं, दिवसाला किती, आणि ज्याचा माल त्या पार्टीनं ते दिलं नाही तर ड्रायव्हरला मिळतं का. तोंडी नको, कागदावर. आणि कुठंही गेलास तरी गेटवर पोचल्याची वेळ टाकलेली स्लिप घेत जा. देत नसतील तर गाडीचा नंबर आणि गेट एका फोटोत येईल असा फोटो काढ. माझे बरेच पैसे या एका कागदापायी बुडालेत.

---

वाचनमात्र_विद्या | बुधवार, सकाळी ८.१०

या विषयातलं काही कळत नाही, पण चौदाचाकी, तुमची वही पुस्तक म्हणून वाचायला आवडेल. वाचनखूण साठवली आहे.

---

कंट्रोलरूम_शिफ्ट३ | बुधवार, सकाळी ९.३५

मी ड्रायव्हर नाही. एका कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये बसतो, पडद्यावर ऐंशी गाड्यांचे ठिपके बघत. तेव्हा शिव्या मलाच पडणार हे धरून लिहितो.

हॉल्टिंगबद्दल चौदाचाकी काकांशी सहमत. मोठ्या पार्टीकडं हॉल्टिंगचं बिल लावलं की पुढच्या वेळी ती भाडं दुसऱ्याला देते, म्हणून आमचे साहेबही गप्प बसतात. ड्रायव्हर सगळ्यात खाली, त्याच्यापर्यंत झिरपत नाही. हे खरं आहे.

पण धागाकर्त्याचे ते चौतीस टन कुणाच्या लक्षात आले का? २०१८ साली सरकारनं टेन टायरची मर्यादा २५ वरून साडेअठ्ठावीस केली. वाढवून दिलेल्या वजनावर हा अजून साडेपाच टन घेऊन घाट उतरतोय. २०१९ पासून दंड सरळ २० हजार आणि जादा टनामागे २ हजार. दंड मालक भरेल. ब्रेक लागला नाही तर पुढचं कोण भरणार? आमच्याकडं वजनकाट्यावर जास्त आलं तर गाडी गेटाबाहेर पडतच नाही. मला विचाराल तर कंपनीत जायला हे एक कारण पुरेसं आहे.

दुसरं पीएफ. पगाराच्या कागदावर बेसिक किती लिहिलंय ते बघ. १५ हजारांवर असेल तर महिना १,८०० तुझे आणि १,८०० कंपनीचे, त्यातले काही पेन्शनला जातात. काही ठिकाणी बेसिक मुद्दाम आठ-नऊ हजार दाखवून बाकीचं भत्त्यात टाकतात, तिथं पीएफही अर्धा. दर महिन्याला उमंग अॅपवर पासबुक उघडून बघायचं. कापलेले पैसे भरलेच नाहीत, असंही घडतं.

तिसरं कॅमेरा. सगळे घाबरतात. गेल्या वर्षी आमच्या एका गाडीला मोटारसायकल आडवी आली. गर्दीनं ड्रायव्हरला खाली ओढलं, पोलीस वेळेवर आले म्हणून वाचला. चौकीत समोरच्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं, चूक कुणाची ते दिसलं, दुसऱ्या दिवशी घरी गेला. आतला कॅमेरा डोळे मिटले की ओरडतो, हातात फोन दिसला की ओरडतो. वैताग आहे, मान्य. जांभई दिली तरी ओरडतो.

चौथं, बोलू नये पण बोलतो. टाकीतून कॅन भरून ढाब्यावर विकणारे नसते, तर डिझेलवर एवढी नजर ठेवायची गरज पडली नसती.

---

चौदाचाकी | बुधवार, दुपारी १.१५

शिफ्टवाले साहेब, डिझेलचं नाव काढलंत म्हणून बोलतो. चोर आहेत, नाही म्हणत नाही. पण चोर पकडायला लावलेल्या जाळ्यात चोरापेक्षा बाकीचेच जास्त अडकतात.

पोरा, 'अॅव्हरेज' हा शब्द नीट समजून घे. कंपनी म्हणते, ट्रेलरनं लिटरला साडेतीन किलोमीटर द्यायला पाहिजेत. तू गेलास २,३०० किलोमीटरच्या फेरीला. वाटेत दोन दिवस पाऊस, शहराबाहेर तीन तास जाम, समोरून वारा. बसले ३.३. साडेतीनच्या हिशेबानं ६५७ लिटर लागायला हवे होते, लागले ६९७. चाळीस लिटर जास्त. ९० रुपयांनी धरलं तरी ३,६०० तुझ्या हिशेबातून वजा. त्या फेरीचे किलोमीटरचे तुला मिळणार ५,७५०.

एसीचं ऐकून तू खूश झालास. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या प्रत्येक मोठ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची आहे, चांगलं झालं. पण एसी चालला की डिझेल जातं आणि रात्री उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवलं तर जास्तच जातं. माझ्या ओळखीच्या एका पोराची एसीची गाडी आहे आणि तो मे महिन्यात काच खाली करून झोपतो. अॅव्हरेज कापतात म्हणून. तेव्हा विचार, एसीसाठी अॅव्हरेजमध्ये सूट किती?

आणि सगळ्यात वाईट म्हणजे याच अॅव्हरेजपायी पोरं उतारावर गिअर काढून गाडी न्यूट्रल करतात.

---

घाटमाथा | बुधवार, दुपारी १.४०

चौदाचाकी, शेवटच्या वाक्याला दंडवत. मी पुण्यात नऱ्ह्यात राहतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडं येणारा उतार रोज बघतो. २०२२ च्या नोव्हेंबरात एका रात्री तिथं चाळीसच्या वर गाड्या एकमेकांवर गेल्या. आम्ही सोसायटीवाले 'ट्रकवाले माजलेत' म्हणून मोकळे होतो. तो न्यूट्रल का करतो हे कधी कुणी विचारलं नाही, मीही नाही.

---

कंट्रोलरूम_शिफ्ट३ | बुधवार, दुपारी ३.०५

न्यूट्रलनं डिझेल वाचतं हा समजच चुकीचा आहे. गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंजिन डिझेल घेतच नाही, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला डिझेल लागतंच. आणि इंजिन बंद केलं तर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद. चार वेळा ब्रेक दाबला की टाकीतली हवा संपते, स्टेअरिंगही जड होतं. आमच्याकडं न्यूट्रल दिसलं की लगेच फोन जातो.

---

चौदाचाकी | बुधवार, दुपारी ३.३०

फोन जातो. घाट उतरत असताना?

---

कंट्रोलरूम_शिफ्ट३ | बुधवार, दुपारी ३.४८

बरोबर आहे. यावर माझ्याकडं उत्तर नाही. मीटिंगमध्ये काढतो विषय.

---

वैशाली_वाडीची | बुधवार, रात्री ९.५०

मी नागपूरची, वाडीला राहते. मिस्टर चौदा वर्षांपासून लाइनवर आहेत, त्यातली सहा वर्षं कंपनीत. सगळे हिशेब वाचले. आता घरचा हिशेब सांगते.

मालकाच्या गाडीवर होते तेव्हा कधी येतील सांगता यायचं नाही, पण आले की चार-पाच दिवस राहायचे. मुलाच्या मुंजीला मालकानंच गाडी उभी केली आणि स्वतः जेवायला आला. कंपनीत पगार सात तारखेला खात्यात, एक दिवस इकडे-तिकडे नाही. किराणावाल्याकडं उधारी बंद झाली, घरासाठी कर्ज मिळालं, कारण बँकेला दाखवायला पगाराची चिठ्ठी होती. हे लहान नाही ना जी. मालकाकडं वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माझ्या दिराला साध्या फ्रिजच्या हप्त्यासाठी बँकेनं दारात उभं केलं नाही.

पण सुट्टी? कागदावर महिन्याला चार. मागितली की 'गाडी कशी उभी ठेवू, दुसरा ड्रायव्हर नाही.' सासूबाई गेल्या तेव्हा हे ओडिशात होते. गाडी कुठं लावायची, माल कुणाच्या भरवशावर सोडायचा, या फोनाफोनीतच नऊ तास गेले. तिसऱ्या दिवशी पोचले. मी कंपनीला दोष देत नाही. मालक असता तरी ओडिशा तेवढंच लांब. पण मालकानं स्वतः फोन केला असता. इथं ज्याला फोन लावला त्याला यांचं नावही माहीत नव्हतं, गाडीचा नंबर विचारत होता.

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पार भिवंडीजवळ आमण्यापर्यंत सुरू झाला, तेव्हा आम्हाला वाटलं आता घरी जास्त राहतील. झालं उलटं. रस्ता लवकर होतो म्हणून फेऱ्या वाढवल्या. सरळसोट रस्ता, डोळ्यांवर झापड येते म्हणतात. मी रात्री दोनला फोन करून उठवते, म्हणजे जागं आहेत का बघते. कॅमेरा फोनवर ओरडतो म्हणून आता कानात घालायचं यंत्र घेऊन दिलं आहे.

भाऊ, मुलगी अकरा महिन्यांची आहे म्हणालात. आमचा मोठा त्याच वयाचा असताना हे सव्वा महिन्यानं आले, तर पोरगं माझ्या पदरामागं लपलं. यांनी काही म्हटलं नाही, पाणी प्यायले आणि गाडी धुवायला गेले.

---

उनाड_पाखरू | बुधवार, रात्री १०.१२

वहिनी, आज विनोद करत नाही.

---

केळीवाला_रावेर | गुरुवार, सकाळी ७.३०

मंडळी, नोकरी-नोकरी काय करताय? स्वतःची गाडी घे भाऊ. मी रावेरहून दिल्लीच्या आझादपूर मंडीत केळी नेतो, दोन गाड्या आहेत. केळी वाट बघत नाहीत, म्हणून केळीच्या गाडीला रांगेत कुणी फार अडवत नाही. वेळेत पोचलं की ड्रायव्हरला इनाम वेगळं. हॉल्टिंगचं रडगाणं केळीत नाही.

---

चौदाचाकी | गुरुवार, सकाळी ७.५५

आणि उशीर झाला तर? माल काळा पडला की भाड्यातून कोण कापून देतं? दिल्लीहून परत येताना काय भरता, तेही सांगा.

---

केळीवाला_रावेर | गुरुवार, सकाळी ८.४०

उशीर झाला तर कापतात, खोटं कशाला बोलू. परत येताना जे मिळेल ते. कधी तीन दिवस बसतो, कधी अर्ध्या भाड्यात निघतो. हप्ता मात्र पाच तारखेलाच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एक गाडी विकली, तेव्हा तीन होत्या.

ठीक आहे, लगेच घे म्हणत नाही. पाच वर्षांनी घे.

---

कलम_कोपरा | गुरुवार, सकाळी ११.२०

कायद्याचं थोडक्यात, कारण या प्रश्नावर कायदा आणि रस्ता यांची भेट क्वचितच होते.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवून दिली. तो कायदा २०२० च्या कामगार संहितेत सामावून घेतला गेला, ८ तास तिथंही आहेत. मी आजवर ८ तासांत गाडी बाजूला लावणारा ड्रायव्हर पाहिलेला नाही.

अपघातात ड्रायव्हर जखमी झाला वा गेला तर भरपाईची जबाबदारी ज्यानं कामावर ठेवलं त्याची. आधी हे १९२३ च्या भरपाई कायद्यात होतं, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. मालक असो वा कंपनी. अडचण पुराव्याची येते. गावच्या मालकाकडं तुझं नाव कुठल्याच कागदावर नसतं. कंपनीत हजेरी, पगाराची नोंद, जीपीएस सगळं असतं. पण नियुक्तीपत्र नीट वाच. पुष्कळ ठिकाणी ड्रायव्हर कंपनीचा नसतोच, मधल्या ठेकेदाराचा असतो आणि अपघातानंतर दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात.

सगळे विचारतात म्हणून ते 'दहा वर्षांचं' कलमही. अपघातात माणूस गेल्यावर न कळवता पळालं तर दहा वर्षांपर्यंत कैद, या भारतीय न्याय संहितेच्या १०६ (२) वरून १ आणि २ जानेवारी २०२४ ला चक्का जाम झाला. मनमाडजवळ पानेवाडीच्या इंधन डेपोंचे टँकर थांबले आणि पंपांवर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं. १०६ (१) मात्र लागू आहे, निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत. जमाव मारतो म्हणून पळालात तरी जवळच्या चौकीत जा किंवा ११२ ला कळवा, आणि त्या फोनची नोंद जपून ठेवा.

अवांतर: रांगेवरून आठवलं. ई-वे बिल म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा कागद, त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस असते. रस्त्यात पुरते, पण गाडी खाली व्हायच्या आधी गेटबाहेर तीन दिवस राहिली तर संपूही शकते. ती वाढवायचं काम ऑफिसचं, पण पकडलेल्या गाडीत बसलेला असतो ड्रायव्हर.

---

मेपल_मामा | गुरुवार, रात्री ११.५८

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून लिहितोय, मूळचा कराडचा. इथं ट्रेलरच्या लायसनला ऑन्टारिओत १०३.५ तासांचं ट्रेनिंग सक्तीचं आहे, दिवसाला १३ तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही आणि गाडीतलं यंत्र ते मोजतं. खाडाखोड नाही. ऐकायला छान.

आता गंमत ऐका. पैसे इथंही बहुतेक मैलावर. गोदामाच्या दारात चार तास उभा राहिलो की ते चार तास यंत्र मोजतं, कंपनी मोजत नाही. उणे पंचवीसमध्ये. आणि ठेकेदाराचा तो खेळ इथंही आहे. ड्रायव्हरला स्वतःच्या नावानं कंपनी काढायला लावतात, म्हणजे सुट्टीचे पैसे नाहीत, आजारपण नाही, काही नाही. नवीन आलेली पोरं टॅक्स कमी कापला म्हणून खूश होतात. मीही झालो होतो.

चौदाचाकी, तुमचं मार्चचं पान वाचून मी इथल्या पंजाबी मित्राला तोंडी भाषांतर करून सांगितलं. तो म्हणाला, ये तो मेरी डायरी है.

---

निवृत्त_लालपरी | शुक्रवार, सकाळी ६.१५

एसटीत ३१ वर्षं काढली. जागा निघाली तर अर्ज कर, एवढंच सांगतो. पगार कमी, पेन्शन सांगण्यासारखी नाही, २०२१-२२ च्या संपात आमच्या पोरांनी काय सोसलं ते सगळ्यांना माहीत आहे. पण मुक्कामी गाडी सोडली तर रात्री घरची भाकरी. आणि स्टँडवर गाडी लागली की उतरणारा माणूस कधी कधी 'येतो हं मास्तर' म्हणतो. पोती म्हणत नाहीत.

---

कंट्रोलरूम_शिफ्ट३ | शुक्रवार, सकाळी १०.०५

घरच्या भाकरीवरून: रिले पद्धत चालवणाऱ्या कंपन्या शोध. २०१४ मध्ये सुरू झालेल्या रिविगो या ट्रान्सपोर्ट कंपनीनं आपल्याकडं ती मोठ्या प्रमाणावर केली. चार-पाच तासांनी गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात आणि आपण उलट दिशेची गाडी घेऊन घरी. ती कंपनी पुढं तशी राहिली नाही, पण ठरावीक पट्ट्यात ड्रायव्हर बदलणारे थोडेफार आहेत. पगार कमी बसतो, कारण किलोमीटर कमी. लेकरू लहान असेल तर मी तेच बघेन.

---

माणदेशी_पोरगा | रविवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे आभार. वैशालीताईंचं बायकोला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, चौतीस टनांचं मला आधी का नाही सांगितलंस.

शनिवारी चाकणला जाऊन आलो. काकांनी सांगितलेले प्रश्न वहीत लिहून नेले होते. ऑफिसमधला माणूस हसला, पण उत्तरं दिली.

हॉल्टिंग २४ तासांनंतर, दिवसाला ३००. पार्टीनं दिलं नाही तरी कंपनी देते, पण पोचल्याची स्लिप पाहिजे. अॅव्हरेजची कपात आहे, एसीसाठी सूट नाही. बेसिक १५ हजार. नियुक्तीपत्र कंपनीचंच, ठेकेदार नाही. सुट्टी महिन्याला चार, पण 'अॅडजस्ट करावं लागतं'. रिले नाही.

मालकालाही विचारलं. म्हटलं, साडेअठ्ठावीसच भरा, मी राहतो. तो म्हणाला, साडेअठ्ठावीसमध्ये परवडत नाही रे, आणि हप्त्याचा कागद काढून दाखवला. खरंच परवडत नाही. राग नाही आला त्याचा. उचलीतले सात हजार राहिलेत, तेवढे फिटले की सोडतो म्हणालो.

---

चौदाचाकी | रविवार, रात्री ९.५५

दिवसाला ३०० म्हणजे जेवणाचेही नाहीत. पण पार्टीनं दिलं नाही तरी कंपनी देते हे मी नऊ वर्षांत ऐकलं नव्हतं. लिहून घेतलंस का?

---

माणदेशी_पोरगा | रविवार, रात्री १०.०२

व्हॉट्सअॅपवर पाठवायला लावलं.

---

चौदाचाकी | रविवार, रात्री १०.०४

शाबास. एक वर्ष कर. वही कर.

---

वाचनमात्र_विद्या | सात महिन्यांनी, गुरुवार, सायंकाळी ६.२०

धागा वर काढते. माणदेशी_पोरगा, पुढं काय झालं?

---

माणदेशी_पोरगा | सात महिन्यांनी, गुरुवार, रात्री ८.४५

राम राम. आहे अजून. वही केली. सात महिन्यांची सरासरी ५,२०० किलोमीटर, सगळ्यात जास्त ६,४००. सात हजार अजून दिसले नाहीत, मित्रालाही नाही. अॅव्हरेजमध्ये दोनदा कापले, एकदा भांडून परत मिळवले. पीएफ दर महिन्याला जमा होतो. न्यूट्रल एकदाही केलं नाही. ब्रेक लागतात. उतारावर ती गोष्ट कशी वाटते हे टेन टायरवाल्यालाच कळेल.

पोरगी आता चालते. व्हिडिओ कॉलवर मला 'बाबा' म्हणते आणि घरी गेलो की फोनकडं बघून 'बाबा' म्हणते.

आत्ता श्रीपेरुंबुदूरला एका गेटबाहेर आहे. काल सकाळी सातला पोचलो. माझ्यापुढं अजून नऊ गाड्या.

---

चौदाचाकी | सात महिन्यांनी, गुरुवार, रात्री ८.५१

स्लिप घेतलीस?

---

माणदेशी_पोरगा | सात महिन्यांनी, गुरुवार, रात्री ८.५३

वॉचमन देत नव्हता. गेटचा फोटो काढलाय, नंबरसकट.